शालजोडी आणि ड्रॅगन

जेन ऑस्टेनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ या १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत लेडी बर्ट्रम नावाची एक सुस्त, निरुपद्रवी आणि सोफ्यावरून सहसा न हलणारी बाई आहे. तिच्या बहिणीचा मुलगा विल्यम आरमारात आहे. तो ईस्ट इंडीजकडे गेला तर आपल्याला शाल मिळेल, एवढ्यासाठी तरी त्याने तिकडे जावे असे तिला वाटते. आणि बोलता बोलता तिची मागणी एका शालीवरून दोन शालींवर जाते. कथानकाला या शालींची काहीच गरज नाही. पण एका घरबशा बाईच्या तोंडी घातलेल्या या दोन-तीन वाक्यांत इंग्लंडमधल्या एका दिवाणखान्याचा दूरच्या मुलखांशी असलेला सगळा व्यवहार मावलेला आहे, आणि तो दाखवताना लेखिकेने आवाज जराही चढवलेला नाही. अशा मऊ माराला मराठीत शालजोडीतला म्हणतात. ऑस्टेनच्या लेखनाचे वर्णन करायला याहून नेमका शब्द मला सुचत नाही, आणि इथे तर शालीही खऱ्याच आहेत.

रीजन्सी म्हणून ओळखला जाणारा काळ तसा फार छोटा. राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे कारभार पाहण्यास असमर्थ ठरला, तेव्हा १८११ साली युवराजाला रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, नेमण्यात आले, आणि १८२० साली राजा वारल्यावर हा काळ संपला. ऑस्टेनच्या सहाही कादंबऱ्या याच नऊ वर्षांत छापल्या गेल्या. शेवटच्या दोन तर तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात. आज मात्र त्या नऊ वर्षांत लेखकांनी आणि चित्रपटवाल्यांनी कायमचे बिऱ्हाड थाटले आहे. कोणी तिथल्या नायिकेला बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेतो, कोणी अमृतसरच्या लग्नघरात. कोणी तिच्या हाती तलवार देऊन तिला चालत्या मुडद्यांवर सोडतो, तर कोणी नेपोलियनशी लढायला ड्रॅगनांची पलटण उभी करतो. या साऱ्याविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. अभिजात कृतीला हात लावू नये, असे शुद्धतेचे आग्रही म्हणतात. ही करमणूक आहे, तिच्याकडे हिशोब मागू नये, असे चाहते म्हणतात. मला दोन्ही पटत नाहीत. हवे ते बदलावे, पण हिशोब ठेवावा, असे माझे म्हणणे आहे. आणि गंमत अशी की हुबेहूब पोशाख शिवून घेणाऱ्या मालिकांपेक्षा जादू आणि ड्रॅगन असलेल्या कादंबऱ्यांनीच हा हिशोब पुष्कळदा अधिक चोख ठेवलेला आहे.

शुद्धतेच्या आग्रहाला उत्तर द्यायला फार वेळ लागू नये. दुसऱ्याच्या गोष्टी वाकवण्यात ऑस्टेन स्वतःच पटाईत होती. तिच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त भुताखेतांच्या, पडक्या वाड्यांच्या कादंबऱ्या वाचून डोके फिरलेली एक मुलगी आहे, आणि त्या काळच्या लोकप्रिय साहित्याची ऑस्टेनने केलेली थट्टा हाच त्या पुस्तकाचा प्राण आहे. विडंबन करणाऱ्या लेखिकेचे विडंबन होऊ नये, असा नियम कोणत्या तोंडाने करावा?

हिशोबाचे मात्र नीट पाहिले पाहिजे, कारण ऑस्टेनच्या कादंबऱ्या उघडल्या की पानापानांवर आकडे भेटतात. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या बेनेट कुटुंबाच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड आहे, पण वारशाच्या अटीनुसार ती जमीन पुरुष वारसाकडेच जाणार असल्यामुळे, पाच मुली असूनही, बापामागे ती कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातलगाच्या हाती पडणार आहे. तोच कॉलिन्स त्या मुलींतल्या एलिझाबेथला, म्हणजे कादंबरीच्या नायिकेला, मागणी घालताना तिच्या वाट्याला काय येणार ते मोजून सांगतो: चार टक्क्यांच्या रोख्यांतले १,००० पौंड, तेही आई गेल्यावर. म्हणजे वर्षाला ४० पौंड. नायक डार्सीचे उत्पन्न १०,००० आहे. हे आकडे डोळ्यांआड केले की उरते ती दोन मानी माणसांच्या भांडणाची गोड गोष्ट. ते समोर ठेवले की कळते की एलिझाबेथने कॉलिन्सला आणि नंतर एकदा डार्सीलाही दिलेला नकार हा जवळजवळ वेडेपणाचा धाडसी निर्णय आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपण लग्नाच्या माणसाला ‘स्थळ’ म्हणतो, आणि त्या एका शब्दात घर, जमीन, पगार, धाकट्या बहिणी आणि सासूचा स्वभाव हे सगळे येते. म्हणूनच दूरदर्शनने १९८५ साली याच कादंबरीवरून ‘तृष्णा’ ही मालिका केली, तेव्हा तिच्यातली अडचण प्रेक्षकांना उसनी वाटण्याचे कारण नव्हते. २००० सालच्या ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ या तमिळ चित्रपटात चेट्टिनाडमधले मोठे घर मृत्युपत्रामुळे हातचे जाते आणि आईसह मुलींना चेन्नई गाठावी लागते. तिथे गाणी कितीही आली तरी ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चा कणा शाबूत राहतो, कारण घर खरोखर गेलेले असते.

या कसोटीवर मुडद्यांची कादंबरी मला नापास करावी लागते. २००९ साली सेथ ग्रॅहम-स्मिथ यांनी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या मूळ मजकुरात चालत्या मुडद्यांचे प्रसंग शिवले, मुखपृष्ठावर ऑस्टेनचे नाव सहलेखिका म्हणून छापले गेले, आणि पुस्तक तुफान खपले. माझी तक्रार मुडद्यांविषयी नाही. शार्लट लुकसचे जे केले, त्याविषयी आहे. मूळ कादंबरीत शार्लट सत्तावीस वर्षांची, दिसायला बेताची, हुशार आणि निर्धन आहे. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सशी ती डोळे उघडे ठेवून लग्न करते, कारण तिला स्वतःचे घर हवे आहे आणि ते मिळवण्याचा दुसरा मार्ग तिच्यापुढे नाही. तिचा तो निर्णय वाचताना एलिझाबेथला धक्का बसतो आणि आपल्याला लाज वाटते, कारण शार्लट बरोबर असू शकते. नव्या पुस्तकात तिला मुडदा चावलेला आहे. ती मरणारच आहे, म्हणून उरलेले दिवस निभावून नेण्यासाठी ती कॉलिन्सशी लग्न करते. एका चाव्याने कायदा, वारसा, वय, पैसा सगळे पुसले गेले. जिथे समाजाचा दोष होता तिथे रोग आला, आणि रोगाला कोणी जाब विचारत नाही. विनोदी पुस्तकाकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. पण ऑस्टेनही विनोदीच लिहीत होती.

याच्या अगदी उलट टोकाला जो बेकर यांची ‘लाँगबोर्न’ ही २०१३ सालची कादंबरी आहे. तीत जादू नाही की भूत नाही. बेनेटांच्या त्याच घरातल्या मोलकरणींच्या आणि नोकरांच्या बाजूने तीच वर्षे सांगितलेली आहेत. एलिझाबेथ आजारी बहिणीला भेटायला चिखल तुडवत जाते, हा मूळ कादंबरीतला लाडका प्रसंग. इथे सॅरा नावाची मोलकरीण थंडीत फुटलेल्या हातांनी तो चिखल परकराच्या काठावरून घासून काढते आणि मनाशी म्हणते की या बाईसाहेबांना स्वतःचे कपडे स्वतः धुवावे लागते तर त्या जरा जपून चालल्या असत्या. कथा न मोडता तिच्याच एका खुणेवर बोट ठेवून सगळे घर उलटे करून दाखवणे याला मी खरे पुनर्लेखन म्हणतो. त्यानंतर मूळ कादंबरी वाचताना चिखल पूर्वीसारखा गोजिरवाणा वाटत नाही.

आता ज्या मालिकेने रीजन्सी घरोघरी पोहोचवली तिच्याकडे वळू. ‘ब्रिजर्टन’ ही नेटफ्लिक्सवरची मालिका २०२० च्या नाताळात आली आणि ती जूलिया क्विन यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली आहे. पण तिचे मूळ ऑस्टेनमध्ये शोधणे चूक ठरेल. तिची खरी आजी जॉर्जेट हेयर. हेयरबाईंनी १९३५ सालच्या ‘रीजन्सी बक’पासून पुढची जवळजवळ चार दशके या काळावर कादंबऱ्या लिहिल्या, त्या काळची बोली, बग्ग्या, गळपट्ट्यांच्या गाठी यांची टिपणे काढली, आणि रीजन्सी ही एक राहण्याजोगी जागा करून ठेवली. त्या जागेत ड्यूक आणि मार्क्विस यांची दाटी आहे. ऑस्टेनच्या एकाही नायकाला ड्यूकपद नाही. डार्सी नुसता मिस्टर आहे. रीजंटच्या ग्रंथपालाने तिला एका राजघराण्यावर अद्भुतरम्य कथा लिहिण्याची सूचना केली होती, तेव्हा १८१६ साली तिने कळवले की जीव वाचवण्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही कारणाने आपण असले काही गंभीरपणे लिहू शकणार नाही. (हेही शालजोडीतलेच.) म्हणजे आज बाजारात रीजन्सी म्हणून जे खपते त्यातले बरेचसे ऑस्टेनने नाकारलेल्या सूचनेची उशिरा झालेली अंमलबजावणी आहे.

‘ब्रिजर्टन’मध्ये लंडनच्या उमराव समाजात काळे आणि गोरे एकत्र नांदतात, आणि त्याचे कारण मालिकेतच एका संवादात सांगितलेले आहे: राजा एका काळ्या स्त्रीच्या प्रेमात पडला, तिला राणी केले, आणि दोन समाजांचा एक समाज झाला. या कल्पनेची टर उडवणाऱ्यांत मी नाही. ज्यांना आजवर अशा कथांत दारात उभे राहणारे नोकर म्हणूनच पाहिले गेले, त्यांना दिवाणखान्याच्या मधोमध नाचताना पाहण्यात खरा आनंद आहे, आणि तो आनंद ज्यांना फुकट मिळत आला त्यांनी इतरांना त्याबद्दल उपदेश करू नये. अडचण पुढे आहे. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ साली कायद्याने बंद केला, पण आपल्या वसाहतींतली गुलामगिरी ठेवली. ती संपवणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडले. मालिकेतल्या वाड्यांची झुंबरे, साखर, रेशीम, घोडे हे सगळे जर त्याच जगातले असेल, तर त्याचे पैसे कुठून आले? राजाचे प्रेम इतके मोठे होते की उसाचे मळेही त्यात विरघळले, असे समजायचे का? मालिका या प्रश्नाच्या जवळ जाते आणि वाद्यवृंद सुरू होतो.

दुसऱ्या भागात तर हा प्रश्न थेट आपल्या दारात येतो. १८१४ सालच्या लग्नजुळणीच्या हंगामासाठी शर्मा बहिणी मुंबईहून लंडनला येतात. धाकटी एडविना फ्रेंच आणि लॅटिनबरोबर हिंदुस्थानी आणि मराठीही जाणते, असे सांगितले जाते. ‘मराठी’ हा शब्द त्या दिवाणखान्यात उच्चारला गेला तेव्हा मला सुखद धक्का बसला, हे कबूल केले पाहिजे. मग दक्षिणी ‘अप्पा’, हिंदी ‘दीदी’ आणि बंगाली ‘बोन’ एकाच घरात ऐकू आले आणि लक्षात आले की भारत हा इथे एक मसाल्याचा डबा आहे. तेही मी चालवून घेतले असते. हुंड्याच्या अटीचा पेच त्या कथानकात आहे आणि हळदीचा प्रसंगही मनापासून केलेला आहे. पण १८१४ या सालाचे काय करायचे? तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची गादी होती, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून १८११ पासून तिथे बसलेला होता, आणि वसईच्या तहाने कंपनीचे सैन्य पेशव्याच्या उशाशी येऊन बारा वर्षे होत आली होती. ऑस्टेन वारली १८१७ च्या जुलैत. खडकीची लढाई झाली त्याच नोव्हेंबरात. तिच्या शेवटच्या दोन कादंबऱ्या लंडनच्या दुकानांत आल्या त्या हिवाळ्यात शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढलेले होते. इंग्रजांची रीजन्सी आणि आपल्या पेशवाईची अखेर ही दोन वेगळ्या कपाटांतली पुस्तके वाटतात, पण ती एकाच दशकाची दोन पाने आहेत.

१८१४ सालच्या लंडनमध्ये खराखुरा ताजा ड्यूकही होता. आर्थर वेलस्लीला ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा किताब त्याच वर्षी मिळाला. त्याने नाव कमावले ते आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणांगणावर, १८०३ च्या सप्टेंबरात, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांविरुद्ध. त्याच्या लग्नाची गोष्ट तर कादंबरीकाराला शोभेल अशी आहे. १७९३ साली त्याने किटी पाकनम हिला मागणी घातली, तेव्हा पदरी काही नसलेला धाकटा मुलगा म्हणून तिच्या घरच्यांनी त्याला वाटेला लावले. तो हिंदुस्थानात गेला, सेनापती, सरदार आणि श्रीमंत होऊन १८०५ साली परतला, आणि १८०६ साली त्याने तिच्याशीच लग्न केले. ‘पर्स्युएशन’ ज्यांनी वाचली आहे त्यांना हे कथानक तोंडपाठ असेल: निर्धन म्हणून नाकारलेला कॅप्टन वेंटवर्थ आठ वर्षांनी लढाईतल्या लुटीच्या वाट्याचे २५,००० पौंड घेऊन परत येतो. ऑस्टेनने वेंटवर्थ आणि नायिका अ‍ॅन यांचे मूळ प्रेमप्रकरण १८०६ सालीच घातले आहे, हा योगायोगच म्हणायचा. वेलिंग्टनचे लग्न मात्र सुखाचे झाले नाही. तर अशा या ड्यूकशी एखाद्या नृत्यसमारंभात मुंबईहून आलेल्या, मराठी जाणणाऱ्या मुलीची गाठ पडली असती, आणि असईचे नाव निघाले असते, तर त्या एका प्रसंगात काय घडू शकले असते! मालिकेने स्वतःच वर्ष, गाव आणि भाषा निवडली, आणि मग तिन्हींना अबोल ठेवले.

खरी माणसे शोधायला फार लांब जावेही लागत नाही. मारिया ग्रॅहम ही तरुणी वडिलांबरोबर मुंबईला निघाली, कारण त्यांची नेमणूक तिथल्या गोदीत झाली होती. जहाजावरच तिचे एका नौदल अधिकाऱ्याशी प्रेम जमले, १८०९ साली हिंदुस्थानातच लग्न झाले, आणि कार्ल्याची लेणी, घारापुरी पाहून परतल्यावर तिने १८१२ साली आपल्या वास्तव्याची रोजनिशी छापली. ऑस्टेनच्या घरातही हे होतेच. तिची आत्या फिलाडेल्फिया नवरा मिळवण्यासाठी १७५२ साली हिंदुस्थानात धाडली गेली होती. तिची मुलगी एलायझा कलकत्त्यात जन्मली, वॉरन हेस्टिंग्ज तिचा धर्मपिता, आणि त्याने तिच्यासाठी १०,००० पौंडांची तजवीज केली. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त कर्नल ब्रँडनची थट्टा करताना विलोबी नबाब, मोहरा आणि पालख्या यांचा उल्लेख करतो, तो ऐकीव नाही. आणि १८१७ साली अपुऱ्या राहिलेल्या ‘सँडिटन’मध्ये मिस लँब नावाची वेस्ट इंडीजची मिश्रवर्णीय, सतरा-अठरा वर्षांची आणि पुस्तकातली बहुधा सर्वांत श्रीमंत मुलगी आहे, जिच्यावर सगळ्या गावाचा डोळा आहे. कातडीचा रंग आणि बँकेतली रक्कम यांच्या बेरजेतून समाज माणसाला कुठे बसवतो, हा प्रश्न ऑस्टेनने मरण्यापूर्वी मांडायला घेतला होता. तिला पुरोगामी ठरवायचे म्हणून मी हे सांगत नाही. ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये घरमालकाची मालमत्ता वेस्ट इंडीजमधल्या अँटिगात आहे, त्याच्या घरी वाढलेली भाची फॅनी त्याला गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते, आणि खोलीत स्मशानशांतता पसरते, त्या शांततेत नेमके काय आहे यावर समीक्षक एडवर्ड सैद यांच्या १९९३ सालच्या पुस्तकापासून वाद चालू आहे आणि तो संपणारा नाही. मला एवढेच दिसते की तिने दार किलकिले ठेवले आहे.

त्या दारातून आत शिरण्याचे धैर्य अद्भुतकथा लिहिणाऱ्यांनी दाखवले. सुझाना क्लार्क यांच्या २००४ सालच्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’मध्ये नेपोलियनशी लढणारे इंग्लंड आहे आणि जादू जवळजवळ विसरली गेलेली आहे. नॉरेल हा कंजूष वृत्तीचा जादूगार सरकारदरबारी वजन मिळवण्यासाठी सर वॉल्टर पोल या मंत्र्याच्या मेलेल्या वाग्दत्त वधूला जिवंत करतो. ती कर्जबाजारी मंत्र्याला पैसा आणणार असते, हे क्लार्क सांगायला विसरत नाहीत. मोबदल्यात परीलोकातल्या एका पुरुषाला नॉरेल तिचे अर्धे आयुष्य देऊन टाकतो. तिला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. त्यानंतर लेडी पोल रोज रात्री एका उदास वाड्यात नाचायला नेली जाते. सकाळी ती थकून पडलेली असते, आणि आपल्यावर काय ओढवले आहे ते सांगायला तोंड उघडते तेव्हा तिच्या तोंडून भलत्याच असंबद्ध कथा बाहेर पडतात, म्हणून सगळे तिला वेडी समजतात. रीजन्सी कथांचा मुकुटमणी म्हणजे नृत्यसमारंभ. क्लार्क यांनी त्यालाच न संपणारी शिक्षा केले. दोन पुरुषांनी आपसात केलेला करार, त्यात खर्ची पडलेली बाई, आणि तिची जीभ बांधून टाकणारी व्यवस्था: त्या काळी विवाहित स्त्रीची मालमत्ता आणि कायद्यातले अस्तित्व नवऱ्यात विलीन होत असे, हे एखाद्या इतिहासग्रंथातून समजेल, पण रोज सकाळी दुखऱ्या पायांनी उठणाऱ्या लेडी पोलमुळे ते जाणवते. त्याच वाड्यात तिच्याबरोबर नाचायला भाग पाडला जाणारा दुसरा माणूस म्हणजे तिच्या घरचा काळा बटलर स्टीफन ब्लॅक, ज्याची आई गुलामांच्या जहाजावर मेली. या दोघांना एकाच शापाखाली आणण्यात जे शहाणपण आहे ते मला डझनभर शोभिवंत मालिकांत सापडले नाही.

मेरी रॉबिनेट कोवाल यांची रीत याहून सौम्य. ‘शेड्स ऑफ मिल्क अँड हनी’ या २०१० सालच्या कादंबरीत आणि तिच्या पुढच्या भागांत जादू ही पियानो किंवा भरतकाम यांच्यासारखी मुलींच्या अंगी असावी अशी कला आहे. भिंतीवर झाडाची सावली हलवायची, खोलीत मोगऱ्यासारखा वास दरवळवायचा. (भाषा बिघडू नये म्हणून कोवाल यांनी ऑस्टेनच्या शब्दांची यादी करून आपले हस्तलिखित तिच्याशी ताडून पाहिले होते, हा कष्टाळूपणा मला फार आवडतो.) पण या जादूला किंमत आहे. ती अंगातले बळ खाते, आणि गरोदर बाईने ती करायची नाही. म्हणजे लग्न होताच कलावंत स्त्रीसमोर तीच निवड येऊन उभी राहते, जी कोणत्याही काळातल्या गायिकेसमोर वा चित्रकर्तीसमोर येते. झेन चो या मलेशियन लेखिकेच्या ‘सॉर्सरर टू द क्राउन’मध्ये, २०१५ साली, इंग्लंडचा राजजादूगार एक मुक्त केलेला काळा गुलाम आहे, आणि थोरामोठ्यांच्या मुलींची शाळा त्यांना जादू शिकवण्यासाठी नसून ती दाबायला शिकवण्यासाठी आहे, कारण स्त्रीच्या नाजूक देहाला ती झेपत नाही असे सगळे मानतात. नायिका प्रुनेला हिची आई हिंदुस्थानी आहे. ‘ब्रिजर्टन’ने जे मिटवले ते चो यांनी मिटवले नाही: तिथेही काळा माणूस सर्वोच्च पदावर आहे, पण दिवाणखान्यात त्याच्या पाठीमागे काय कुजबुजले जाते तेही ऐकू येते, आणि तरी पुस्तक खळखळून हसवते. म्हणजे आनंद आणि हिशोब यांचे हाडवैर आहे, ही चाहत्यांची समजूत खरी नाही.

वास्तववादी लेखनाला जे जमले नाही ते जादूला का जमावे? मला वाटते, याचे कारण अगदी धंद्याचे आहे. जादूची कथा लिहिणाऱ्याला नियम सांगावेच लागतात: ही शक्ती कोणाला मिळते, कोणाला नाही, आणि वापरली तर काय मोजावे लागते. हे सांगितले नाही तर कथेत ताणच उरत नाही. ऑस्टेनच्या वाचकाला वारशाचा कायदा पाठ होता. आजच्या वाचकाला तो पाठ नाही, म्हणून पोशाखी पुनर्निर्मितीत तो हळूच गळून पडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अद्भुतकथेत मात्र नवा कायदा घडवावा लागतो, आणि चांगला लेखक असेल तर त्या नव्या कायद्याच्या आरशात जुना दिसू लागतो. अर्थात सगळेच चांगले नसतात. किंमत न मागणारी जादू आणि पैसे न विचारणारा ड्यूक या एकाच दुकानातल्या वस्तू आहेत, आणि त्यांनी भरलेली फळी फार लांब आहे.

नाओमी नोविक यांच्या २००६ साली सुरू झालेल्या कादंबरीमालेत नेपोलियनच्या युद्धात दोन्हीकडून ड्रॅगन लढतात. लॉरेन्स हा सभ्य नौदल कप्तान एक फ्रेंच जहाज पकडतो, त्यावरच्या अंड्यातून टेमेरेअर नावाचा ड्रॅगन बाहेर येतो, आणि आरमारातली प्रतिष्ठा सोडून लॉरेन्सला त्याच्याबरोबर आकाशदलात जावे लागते. त्या दलात स्त्रिया कप्तान आहेत, कारण लाँगविंग जातीचे ड्रॅगन पुरुषांना जवळ येऊ देत नाहीत. देशाला त्यांच्यावाचून चालत नाही आणि समाजाला त्यांच्याविषयी बोलवत नाही. पुढे टेमेरेअर चीनला जातो आणि तिथले ड्रॅगन मोकळे हिंडतात, वाचतात, पैसे बाळगतात, हे पाहतो. परत आल्यावर तो आपल्या कप्तानाला मोठ्या अदबीने विचारू लागतो की आम्ही लढतो, तर आम्हाला पगार का नाही. आणखी पुढच्या एका भागात आफ्रिकेतल्या राज्यांकडेही ड्रॅगन असल्याचे निघते आणि गुलामांचा व्यापार करणारी बंदरे राख होतात. इतिहासाला दिलेला हा झोका कोणाला अतिरेकी वाटेल. मला तो राजाच्या प्रेमप्रकरणापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण इथे सत्ता कोणी भेट म्हणून देत नाही.

लेडी बर्ट्रमच्या शाली कोणत्या होत्या ते ऑस्टेनने सांगितलेले नाही, पण त्या काळी ज्यांना सर्वाधिक मान होता त्या काश्मिरी. काश्मीर तेव्हा अफगाणांच्या अमलाखाली होते, रणजितसिंगाने ते १८१९ साली घेतले, आणि दोन्ही राजवटींत शालीवर सरकारी कराची छाप उठवल्याशिवाय ती कारागिराच्या हातून सुटत नसे. बिचाऱ्या विल्यमला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो मावशीसाठी बाजारात गेला असता, भाव केला असता आणि परतला असता. टेमेरेअरला ते काम सांगितले असते तर तो गेला असता खुशीने, आरमारापेक्षा कितीतरी लवकर. पण सोफ्यासमोर दोन्ही शाली ठेवताना त्याने आधी आपल्या खेपेची मजुरी विचारली असती, आणि मग मान वाकवून, तितक्याच अदबीने, विणकराला किती मिळाले तेही.